पहिलं पाणी उपसायचं असतं

दीपमालाने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पोहण्याच्या तलावाच्या तळाशी उभा होता आणि त्याच्या बुटाशेजारी धामण पडली होती.

तलाव कसला... अकोल्याबाहेरच्या त्या बंगल्यामागचा, बारा वर्षं कुणी न विचारलेला सिमेंटचा खड्डा. मूळ मालक पुण्याला गेले, बंगला किसनरावांनी घेतला. किसनराव झेंडूवाले, तीन पिढ्या फुलं विकून घर झालं, आणि घराबरोबर हेही आलं. दुरुस्तीला माणूस बोलावल्याचं घरात सांगायला ते विसरले होते. त्यामुळे काठी घेऊन आलेल्या त्यांच्या लेकीला, दीपमालाला, तो चोर वाटला. आणि त्याला ती देवी.

"हलू नका," ती म्हणाली.

"हलूनच नाई राह्यलो," तो ओठ न हलवता म्हणाला.

तिने खाली उतरून धामण काठीवर घेतली आणि कुंपणापलीकडे सोडली. गेली, असं सांगितल्यावर त्याने डोळे उघडले. पापण्यांवर सिमेंटची धूळ होती. घाबरलेल्या माणसाने इतकं देखणं दिसू नये, असं तिला वाटलं. पण तक्रार कुणाकडे करावी ते कळेना.

त्याचं नाव धर्मेंद्र. गाव परतवाडा, जठारपेठेत खोली घेऊन राहायचा आणि टाक्या-तलाव दुरुस्त करायचा. चैत्रापासून तो रोज येऊ लागला. दीपमालाची आई माणिकबाई त्याला धर्मेंद्रभाऊ म्हणायच्या, आणि लेकही तसंच म्हणते की नाही यावर बारीक लक्ष ठेवायच्या. त्याने शेवाळ खरवडलं, तडे भरले, निळ्या टाइल बसवल्या. दीपमाला चहा न्यायची. त्या एका चहाला हळूहळू पाऊण तास लागू लागला. टाइलचा सांधा बघायला तो बोट फिरवायचा, आणि शहारे उगाच हिच्या मनगटावर यायचे.

काम कधी संपेल, असं तिने एकदा विचारलं. आषाढाआधी भरून देतो, म्हणाला — आणि दोघांचेही चेहरे पडले. भरलेल्या तलावाला दुरुस्त करणारा लागत नाही. त्या दिवसापासून तिला शेवटच्या टाइलची धास्ती बसली. त्यालाही बसली असावी, कारण शेवटची ओळ त्याने दोनदा उखडून पुन्हा लावली.

तलाव भरला. त्याने पाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि "येतो" एवढंच म्हणून गेला.

नवव्या दिवशी किसनरावांनी शेतातली मोटर आणून लावली. त्यांच्याकडे गाळ काढलेल्या विहिरीचं पहिलं पाणी कधी वापरत नाहीत. ते उपसून टाकायचं, नारळ फोडायचा आणि दुसरं पाणी घ्यायचं. तलाव म्हणजे चौकोनी विहीर, असं त्यांचं मत होतं. झड लागून चौथा दिवस उजाडला होता, काळी माती पाणी पिऊन टम्म फुगली होती. दुपारी तलाव रिकामा झाला. नारळ फुटला. आणि तळातून, जमिनीत कुणी कूस बदलावी, तसा आवाज आला. मग एक टाइल फटकन उडाली.

दीपमालाने धर्मेंद्रला फोन लावला. बाबांनी पाणी उपसलं, एवढंच सांगितलं.

"कोणाले बी आत उतरू देऊ नका," तो म्हणाला. वीस मिनिटांत आला, आणि स्वतःच उतरला.

आतल्या पाण्याचं वजन गेल्यामुळे रिकामा तलाव खालच्या मातीतल्या पाण्यावर नावेसारखा उचलला जात होता. भिंत फुटली तर शेजारच्या घराच्या पायाचीही खात्री नव्हती. उपाय एकच — तळ फोडून ते पाणी आत घ्यायचं. जो तळ त्याने तीन महिने हाताने गुळगुळीत केला होता, तोच.

पहारीचा घाव पडला. खोल बाजूला गढूळ पाणी उसळलं. पायाखालची फरशी वीतभर वर आली. तो कोसळला, उठला, पुन्हा पहार मारली. पाणी वाढू लागलं. आणि एकाएकी तो खांबासारखा थिजला.

"धर्मेंद्र, बाहेर या," दीपमाला ओरडली. 'भाऊ' गळाल्याचं माणिकबाईंच्या ध्यानात आलं. ही ती वेळ नव्हे, हेही आलं.

"नाई येता येत," तो म्हणाला. "मले... पोहता येत नाई."

पाणी त्याच्या पोटरीपर्यंत होतं.

आजवर तो ज्या तलावांत उतरला ते कोरडेच. दीपमाला सहाव्या वर्षी पाठीला डबा बांधून शेतातल्या विहिरीत पोहायला शिकली होती. तिला हसू फुटलं. ती शिडीने उतरली, आणि ते हसू तिथेच विरलं. पाणी थोडं असलं तरी त्याखालचा तळ श्वास घेत होता. तिने त्याचा हात धरला.

"माह्याकडे पाहा. खाली नका पाहू."

"तुमच्याकडे पाह्यलं का जास्त भेव लागते."

"काहून?"

"तलाव भरला का मले इथं यायचं कारण राहात नाई." तो थांबला... "नऊ दिवस झाले, मी धड जेवलो नाई."

तळ एकदा लांब कण्हला आणि पुन्हा जागेवर बसला. पाणी आपसूक चढत राहिलं. दोघं शिडीपाशी आले, तरी हात कुणी सोडला नाही.

"बाबाले विचारा," ती म्हणाली.

"आज?"

"आत्ताच. अंग कापूनच राह्यलं तुमचं. पुन्हा वेगळं कापायची गरज नाई."

तो चढला, चिखलाने माखलेला, पहार तशीच हातात. किसनराव मोटरीपाशी उभे होते. पहार घेऊन येणारा माणूस पाहून त्यांनी आधीच हात जोडले. "चूक माही हाय, भाऊ. तुमी जे म्हणसान ते मले कबूल हाय."

मग धर्मेंद्रने जे म्हणायचं होतं ते म्हटलं. एकही शब्द मागे राहिला नाही. दीपमालाने शिडीची दांडी घट्ट धरून ठेवली.

किसनरावांनी फुटक्या तळाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग पहारीकडे.

"पयले ते खाली ठेवा," ते म्हणाले. "अन् घरात चला. अशा गोष्टी उभ्यानं नाई बोलत."