रुखवतातला डबा

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या घरात झालंय.

या पेजवर रोज कुणीतरी "सत्य घटना" लिहितं आणि खाली सगळे हसतात. मीही हसायचो. तुम्हीही हसा, फक्त आधी शेवटपर्यंत वाचा.

आणि हो, यात रात्र नाही. अमावस्या नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. बहरीनमध्ये, गुदैबियातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दारात. गेल्या वर्षी जूनमध्ये.

पण सुरुवात तिथे नाही…

सुरुवात स्वित्झर्लंडला.

मी मयुरेश. मूळचा गुहागरचा. इथे बहरीनला एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत साइटवर आहे. बायको दीप्ती. तिला तेव्हा चौथा महिना होता. आधीचं एक बाळ राहिलं नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघं दबकूनच असायचो. डॉक्टरच म्हणाली, तब्येत चांगली आहे, जरा फिरून या. ईदची सुट्टी होती. व्हिसा आला. निघालो.

ल्यूसर्न नावाचं शहर.

खरं सांगतो, इतकं सुख मी आधी बघितलं नव्हतं. समोर तळं. तळं कसलं, समुद्रच म्हणा, पण हिरवा आणि गप्प. पलीकडे बर्फाचे डोंगर. काठाच्या झाडांना नुकती पालवी फुटलेली. छप्पर असलेला जुना लाकडी पूल. खाली हंस, आणि त्यांचा तोरा असा की आमच्या मॅनेजरने येऊन शिकावा.

दीप्तीला डोहाळे लागले ते पाण्याचे.

तिथे चौकाचौकात दगडी कारंजी असतात, पिण्याचं पाणी. बर्फासारखं गार. ही प्रत्येक ठिकाणी ओंजळ लावून उभी.

"अगं, बायकांना चिंचा लागतात, कैऱ्या लागतात."

"मला हे लागतंय. चिंचा तू खा."

"बहरीनला काय करशील? तिकडे जूनमध्ये नळाला चहा येतो, फक्त पावडर टाकायची."

"मग तू हे पाणी आणून दे. नवरा कशाला केलाय?"

खूप दिवसांनी ती अशी हसत होती.

शेवटच्या दुपारी आम्ही बोटीची वाट बघत काठावरच्या बाकावर बसलो होतो. लख्ख ऊन. मांडीवर दीप्तीचा स्टीलचा डबा, त्यात बेसनाचे लाडू. हा डबा तिच्या रुखवतातला. झाकणावर नाव कोरलेलं, "चि. दीप्तीस, मावशीकडून." ही बाई लंडनला जाऊ दे नाहीतर चंद्रावर, डबा सोबत असणारच.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई येऊन बसली.

कधी बसली ते मला कळलं नाही.

तरुणच होती. जुन्या पद्धतीचा राखाडी कोट. केस ओले, कपाळाला चिकटलेले. कोटाच्या कडेतून पाणी ठिबकत होतं… टप… टप…

मला वाटलं, पोहून आली असेल. तिकडचे लोक कसल्याही थंडीत पोहतात.

आता दीप्तीला शेजारी बसलेल्या माणसाला न विचारता खाता येत नाही. तिने डबा पुढे केला. "घ्या ना. घरचे आहेत."

त्या बाईने लाडू घेतला नाही.

अख्खा डबा घेतला. दोन्ही हातांनी. मांडीवर ठेवला. मग हळूच हात लांब करून दीप्तीच्या पोटावर ठेवला.

दीप्तीचं पोट तेव्हा दिसतही नव्हतं. वर जाड जॅकेट होतं.

"आई गं… किती गार हात," दीप्ती म्हणाली. पण तिने तो हात बाजूला केला नाही.

तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. मी दीप्तीला ओढलं, "चल, चल, सुटेल." धावता धावता डबा आठवला. दीप्ती मागे वळून हसत ओरडली, चक्क मराठीत, "राहू दे तुमच्याकडे! घरी या द्यायला!"

आपण म्हणतोच ना असं. कुणालाही म्हणतो.

त्या बाईने मान हलवली. सावकाश. समजल्यासारखी.

बोटीतून मी पाहिलं. बाक रिकामा होता. बाकापासून ओल्या पावलांची रांग निघाली होती…

रस्त्याकडे नाही. पायऱ्यांवरून खाली. पाण्यात.

दीप्तीला मी काही बोललो नाही.

बहरीनला परत आलो आणि उन्हाळा सुरू झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे पाण्याच्या टाक्या गच्चीवर असतात. जूनमध्ये नळाचं पाणी अंगावर घेतलं तर कातडी लाल होते. लोक गीझर बंद करून त्यातलं साठलेलं पाणी आंघोळीला वापरतात, कारण तेवढंच जरा बरं असतं.

दीप्तीला सहावा लागला. तरी बाळाची हालचाल जाणवत नव्हती. डॉक्टर म्हणाली, ठोके व्यवस्थित आहेत, काही जणींना उशिरा कळतं. पण दीप्ती तासन् तास पोटावर हात ठेवून बसायची. आधीच्या वेळीही असंच सगळं गप्प झालं होतं.

उन्हाळ्यात इथे दुपारी बारा ते चार साइटवर उन्हात काम बंद असतं. म्हणून मी दुपारचा घरी होतो. खालच्या मशिदीत जुहरची, म्हणजे दुपारची अजान होऊन गेली होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

दारावर आवाज आला.

थप…

बेल नाही. ठोठावणंही नाही. ओला तळहात मारल्यासारखा आवाज.

थप…

मी दार उघडलं. कुणी नव्हतं.

पायपुसण्यावर डबा होता.

झाकणावर "चि. दीप्तीस, मावशीकडून." बाहेरून घाम फुटलेला, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा. जिन्यातून आमच्या दारापर्यंत ओली पावलं उमटली होती. अनवाणी.

येणारी होती. जाणारी नव्हती.

मी डबा उचलला आणि बोटं बधिर झाली. आत काठोकाठ पाणी. स्वच्छ, किंचित हिरवट.

दीप्ती मागे कधी आली कळलं नाही. तिने डबा माझ्या हातातून घेतला आणि तोंडाला लावला.

"अगं ए! वेडी आहेस का? टाक ते!"

तिने सगळं पाणी संपवलं. तोंड पुसलं. "तेच आहे रे," म्हणाली.

मग एकदम पोटावर हात ठेवला. डोळे मोठे झाले.

"मयू… हललं."

माझा हात घेऊन तिने ठेवला. खरंच हललं. आम्ही दोघं दारातच बसून रडलो. मी हसत पण होतो आणि जिन्याकडे बघत पण होतो.

वॉचमन अझहर वर आला. "मयुरेशभाई, ये पानी किधर से आ रहा है? आधे घंटे से पोछा मार रहा हूँ, सूखता ही नहीं. बाहर अड़तालीस डिग्री है!"

मी म्हटलं, एसीचं असेल.

त्या दिवसापासून आमच्या बाथरूमचा नळ बदलला. मी उघडला की उकळतं पाणी. दीप्तीने उघडला की… गार. बर्फासारखं. मी प्लंबर आणला. त्याने बघितलं, "मफी मुश्किल," म्हणजे काही प्रॉब्लेम नाही, म्हणाला आणि गेला. त्याला गरमच लागलं होतं ना.

दीप्ती मजेत होती. बाळ हलत होतं. घाबरलो होतो तो मी. ती रोज दुपारी दारामागे खुर्ची घेऊन बसायची. एकदा मला सरळ म्हणाली, "त्यांचा डबा द्यायचा राहिलाय."

"त्यांचा कसला? तुझा आहे तो."

"त्यांनी भरून दिला ना? आता आपण भरून द्यायचा. डबा रिकामा कुणी परत देतं का?"

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी तो डबा उचलला आणि मुहर्रकच्या पुलाजवळच्या दगडांवरून समुद्रात फेकून दिला. खलास, म्हटलं. सुटलो.

रिकामा फेकला.

हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुपारी घरी निघणार तेवढ्यात दीप्तीचा फोन. "नळाला गरम पाणी येतंय रे. आणि बाळ… सकाळपासून हललंच नाही."

हॉस्पिटल. मशीन. नर्स पट्टे लावते, काढते, परत लावते. ठोके होते, पण मंद. डॉक्टरीणबाई नुसती स्क्रीनकडे बघत होती. मग म्हणाली, आज इथेच ठेवू.

मी बाहेर येऊन आईला गुहागरला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. बाक, डबा, समुद्र. मला वाटलं, आई ओरडेल, काय भुताखेताचं बोलतोस म्हणून.

आईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "अरे मेल्या, रिकामा दिलास?"

दीप्तीचे कपडे आणायला घरी आलो. जिना कोरडा होता.

डबा दारात होता.

झाकण उघडं. आत काहीच नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तिनेही रिकामाच परत केला होता…

मला आयुष्यात तेवढी भीती कधी वाटली नाही.

शेजारच्या नुसरतआपांकडून बेसन आणलं, आमच्याकडे संपलं होतं. आईला व्हिडिओ कॉलवर ठेवून लाडू वळले. वाकडेतिकडे, करपलेले. "तूप घाल रे, कंजूस," आई तिकडून सांगत होती आणि तिचेही डोळे भरले होते. डबा गच्च भरला. दारात ठेवला. हात जोडले. काय बोलायचं कळेना, म्हणून जे आलं तोंडाला ते बोललो.

"चुकलं. रागावू नका. बाळ झालं की बघायला या."

दार लावलं.

थप…

उघडलं तेव्हा डबा नव्हता. पायपुसणं ओलं होतं.

लगेच फोन वाजला. दीप्ती. ओरडत होती, "हलतंय मयू, जोरात हलतंय!"

सप्टेंबरमध्ये मुलगी झाली. सावनी. छान, गोंडस. आई व्हिसा काढून आली. बारसं घरीच केलं. दुपारीच. दहा-पंधरा माणसं, घुगऱ्या, पेढे, फुगे. सगळ्या बायका पाळण्याभोवती. मी त्या दिवशी डब्याचा विचारही केला नव्हता.

सगळे गेल्यावर दीप्ती सावनीला उचलायला गेली आणि तिथेच थांबली.

पाळण्यात, बाळाच्या पायाशी… डबा.

घरभर माणसं होती. तो कुणी ठेवला, कुणीच पाहिलं नाही. फक्त नुसरतआपा नंतर म्हणाल्या, "वो ग्रे कोट वाली कौन थी? इतनी गर्मी में कोट? बेचारी बड़े प्यार से देख रही थी बच्ची को."

डब्यात एक टोपडं होतं. लोकरीचं, हाताने विणलेलं. फार जुनं. लोकर पिवळी पडलेली. पिळलं असतं तर पाणी निघालं असतं, इतकं ओलं.

तान्ह्या बाळाचं होतं.

कुणाच्या तान्ह्या बाळाचं… ते मी दीप्तीला विचारलं नाही. तिनेही मला विचारलं नाही. आईने टोपडं पाहिलं आणि सावनीला छातीशी घट्ट धरलं. परतीच्या विमानात बसेपर्यंत तिने तिला खाली ठेवलं नाही.

आम्ही ते टोपडं दोरीवर वाळत घातलंय. कितीतरी महिने झाले. या उन्हात ओली चादर तासाभरात खडखडीत होते.

ते अजून ओलं आहे.

डबा ओट्यावर आहे. आम्ही लाडू भरून दारात ठेवले. कुणी नेले नाहीत. पुरणपोळ्या ठेवल्या. सावनीची चांदीची वाळी ठेवली. नेली नाहीत. दर वेळी सगळं दारात तसंच, परत आत आणलं. दीप्ती काल भांडी घासता घासता थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "टोपडं दिलंय रे तिने. त्याच्या बदल्यात लाडू कसे चालतील?"

आज सुट्टी आहे. सावनी आतल्या खोलीत झोपलीय, दीप्ती तिला चिकटून. दोघींच्या दाराला मी बाहेरून कडी लावून इथे हॉलमध्ये टाइप करतोय.

जुहरची अजान आत्ताच झाली.

थप…

डबा रिकामा आहे.