मॉपच्या धाग्याची माशी

"परवाना?"

मागून आवाज आला तेव्हा दुन्या काठावरच्या दगडावर बसून गळावर दोरा गुंडाळून माशांना भुलवायची खोटी माशी बांधत होती. तिनं मान वर न करता खिशातला कागद पुढे केला. पण प्लिवा नदीचा नवा रखवालदार गोयको कागदाऐवजी तिच्या बोटांकडेच बघत राहिला.

"ही माशी... हिरवी... कशाची?"

"फरशी पुसायच्या मॉपची. आई फेकून देत होती, मी धागे कापून घेतले."

तो हसला. "ट्राउट माशाला फसवायला पिसं लागतात."

"तुम्हाला लागत असतील. ट्राउटला विचारलंत?"

गिरणीखालच्या डोहातला थोराड ट्राउट दोन वर्षं कुणालाच गवसला नव्हता. तिसऱ्या फेकीला दुन्याची काठी वाकली. दमलेला मासा तिनं पाण्यातच अलगद सोडला आणि गोयकोकडे एकदाच पाहिलं... पावसाची भुरभुर सुरू झाली होती. त्याला टोपी घालायचंही सुचलं नाही.

मग तो रोज त्याच वळणावर दिसू लागला. परवाना मात्र पुन्हा मागितला नाही.

शनिवारी मासेमारी मंडळात स्पर्धेची नावनोंदणी होती. अध्यक्ष मिलोराद, म्हणजे गोयकोचे वडील, पिसं किंवा लोकर सोडून दुसऱ्या कशाची माशी म्हटलं तरी भडकत. दारातच गोयको कुजबुजला, "लोकर आहे म्हण. कोण तपासतंय?"

दुन्या थबकली. "तूसुद्धा? माझ्या हातची आहे ती. खोटं नाव का लावू?"

आत जाऊन तिनं माशी टेबलावर ठेवली. "मॉपचा धागा आहे."

खसखस पिकली. "ही मासेमारी नाही, साफसफाई आहे," म्हणत मिलोरादनी सभासदांचं मत मागितलं. तिच्या बाजूनं एकच हात वर झाला. गोयकोचा.

"खाली घे," वडील म्हणाले.

"नाही, बाबा. डोहातला तो मासा हिनं ह्याच माशीवर धरला. मी पाहिलंय."

नाव खोडलं गेलं. दुन्या ताठ मानेनं बाहेर पडली. पुलावर त्यानं तिला गाठलं.

"स्पर्धा गेली तुझी."

"जाऊ दे. माशी माझीच राहिली."

"मला शिकवशील बांधायला?"

"आणि पिसं?"

"पिसं बाबांना राहू देत. मला... तू हवी आहेस, दुन्या. मघाशी लोकर म्हणालो, त्याची लाज वाटते."

तिनं पुलाच्या कठड्यावर बसून त्याच्या चिमटीत गळ दिला, दोऱ्यावर त्याचा अंगठा टेकवला, आणि वर आपलं बोट ठेवलं.

"दाब इथे. सोडू नकोस."

"नाही सोडत."