म्युझियमच्या दारात वाजलेला बुंगियो

तो मोबाइल ठेव खाली. ऐकायचं असेल तर नीट ऐक, नाहीतर घरी जाऊन झोप. माणूस माझा शेजारी होता, भिंतीला भिंत. देवशी. आमच्या गावच्या म्युझियमचा राखणदार. राखणदार कसला, झाडू तोच मारायचा, तिकीट तोच फाडायचा, आणि प्रदर्शन असलं की छकड्यावर भोंगा बांधून जाहिरातही तोच करायचा.

गेल्या पौषातली अमावास्या. शनिवार. देवशी सकाळीच भोंगा घेऊन निघाला. "या हो, पोराबाळांना घेऊन या! रणाकाठचा जुना पाळिया बघा!"

पाळिया म्हणजे पळवलेली गुरं सोडवताना पडलेल्या स्वाराचा दगड. घोडा, वर माणूस, हातात भाला. म्युझियमवाल्यांनी खाऱ्या रणाच्या काठावर त्याच्या गावच्या वेशीवरनं उपटला, ट्रकात घातला, शेंदूर खरवडला आणि आणून दिव्याखाली उभा केला. कुणाला विचारलं? कुणालाच नाही.

दुपारपर्यंत कुत्रं फिरकलं नाही. दोन पेपरवाले आले, चहा प्याले आणि म्हणाले, "फोटो कशाचा काढू? खुर्च्यांचा?"

म्युझियमचा साहेब अहमदाबादचा. देवशीला म्हणाला, "आज गर्दी नाही झाली तर ट्रस्ट कुलूप लावणार. मग तुझी खोलीही गेली समज."

खोली म्हणजे म्युझियमच्या मागची. तिथं देवशी, बायको रतन आणि आंधळी आई.

प्रदर्शनात एक जुना ढोल मांडला होता. देवशीनं तो उचलला आणि जुमाचाचाकडे गेला. जुमा लंघा, गावाचा ढोली.

"चाचा, बुंगियो वाजव."

जुमा ताडकन उठला. "अक्कल गहाण टाकलीस? गुरं पळवली की बुंगियो वाजतो. ऐकला की हातात येईल ते घेऊन निघायचं. तो ताल मी लग्नात बोटानंसुद्धा धरत नाही."

"आता कोण गुरं पळवतंय, चाचा?"

"म्हणूनच सांगतो. बोलावलंस तर दाखवणार काय? पेपरवाले?"

"खोली जाईल माझी."

"खोलीच जाऊ दे मग."

देवशीनं स्वतःच वाजवला. म्युझियमच्या दारात उभा राहून. गाव धावलं. म्हातारे काठ्या घेऊन, बाया पोरं काखोटीला मारून. जाहिरात आहे कळल्यावर काहींनी शिव्या घातल्या. बाकीचे राहिले. दाबेली खाल्ली, दगडाला टेकून फोटो काढले. पेपरवाले खूश. मी थुंकलो आणि घरी आलो.

पुढचं रतननं सांगितलेलं, मी भिंतीपलीकडे घोरत होतो.

कोंबडं आरवायला बराच वेळ होता. टापा ऐकू आल्या. आधी आतनं... म्युझियमच्या बंद दालनातनं. मग फरशीवर. मग अंगणात.

दारापाशी थांबल्या.

"ढोल कुणी वाजवला?"

रतननं देवशीच्या तोंडावर हात दाबला.

"गुरं कुठंयत?"

देवशीनं हात बाजूला केला. "बापा... गुरं नाहीत. खोटा होता. लोक जमवायला..."

बाहेर घोडं फुरफुरलं.

"मी उठलोय."

"माफ करा, बापा..."

"रिकामा परतत नाही मी."

 

कडी वाजली. आतनं. आंधळी आई भिंत चाचपत दारापाशी गेली होती. तिनंच कडी काढली. "बुंगियो वाजवून घरात बसणारा मी जन्माला नाही घातला," म्हणाली. "ऊठ."

बाहेर कुणी नव्हतं, रतन म्हणते. नुसता अंधार. देवशी उठला. चालत गेला. मग धावत. मग टापा...

सापडला नाही. पोलिसांनी कुत्रा आणला. तो म्युझियमच्या कुलपापाशी गेला आणि तिथंच बसला. कुलूप होतं तसं होतं.

मग आले बघा पेपरवाले! भुजहून, राजकोटहून. रविवारी पोराबाळांसकट रांगा. साहेबाला शाल, नारळ. कुलूप लागलं नाही. खोलीही रतनकडेच राहिली. देवशीला हवं होतं ते सगळं झालं.

झाडू आता रतन मारते. रोज संध्याकाळी त्या दगडातल्या घोड्याचे खूर पुसते. सकाळी दार उघडावं तर खुरांना ओला पांढरा चिखल. रण कुठं, आम्ही कुठं. साहेब म्हणतो, ओल आहे. ओल भिंतीला चढते, मला शिकवतो. नुसत्या खुरांना चढते होय?

परवा सकाळी दार उघडताच मी गेलो होतो. बोट लावलं, चाटलं.

खारट.

आणि कोमट.