नर्गिसच्या पाकळीवरची खोच

यज्द शहरातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत फुलं विणणाऱ्यालाच ती सगळ्यात शेवटी दिसतात. रेशीम मागावर पालथं विणलं जातं, फुलांचं तोंड जमिनीकडे. कापड उतरेपर्यंत खालून हात घालून बोटं फिरवायची, एवढंच आपल्या हातात. नक्षी असते ती मागाच्या वर बांधलेल्या माचीवरच्या दोऱ्यांत. वर बसलेला माणूस त्या ओढतो आणि मी खाली धोटा फेकतो.

तरुणपणापासून माझ्या माचीवर पीरूज होता. त्याचं मधलं बोट आखडलेलं. नर्गिसच्या फुलाची वरची पाकळी आली की एक दोरी हमखास सुटायची आणि पाकळीला खोच पडायची. लग्नात बायकोला, माहबानूला, दिलेल्या रुमालावरही ती होती. 'खोचेवर अंगठा ठेवल्याशिवाय झोपत नाही बया,' असं तो हसून सांगायचा.

हिवाळ्यात खोकल्याने तो गेला. आजारपणात त्याने माहबानूला दोऱ्या शिकवल्या होत्या. घरात दोन लहान मुली होत्या, म्हणून मी मागांच्या मालकाकडे, उस्तादांकडे, तिच्यासाठी शब्द टाकला.

"बसव तिला," उस्ताद म्हणाले. "पण हे शिराज शहरातल्या लग्नाचं कापड आहे. पीरूजचं खपवून घेतलं, आता नाही. एक खोच दिसली की बाई घरी आणि माचीवर माझा मेहुणा."

"तुमचा मेहुणा माचीवर झोपेल, उस्ताद."

"झोपू दे. घोरताना दोऱ्या तरी सोडणार नाही."

काम छान सुरू झालं. डाळिंबाची फुलं झाली, नर्गिस लागली. मी खालून बोट फिरवलं आणि तिथंच थांबलो. वरच्या पाकळीला खोच होती.

मी भुताखेतांच्या नादी लागणारा माणूस नाही. दोरी झिजली असेल म्हणून माचीवर चढलो, एकेक तपासली. सगळ्या धडधाकट होत्या. माहबानूची बोटंही सरळ. पुढच्या ओळीत पुन्हा खोच.

"वहिनी, दोरी सुटतेय."

"मी नाही सोडत, भावजी. पाकळी आली की माझ्या बोटाशेजारी एक बोट येतं. आखडलेलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बरं वाटत होतं."

पीरूज माझा जिवलग होता. खरं सांगतो, खोच हाताला लागली तेव्हा भीतीच्या आधी मला आनंद झाला होता. पण मुलींचं पोट या कापडावर होतं. तसं मी तिला म्हटलं.

मग ती बोलू लागली. माझ्याशी नव्हे.

"ऐकलंत ना? जन्मभर उस्तादांच्या शिव्या खाल्ल्यात, आता मलाही खायला लावताय? पोरींच्या ताटात काय वाढू, तुमचं बोट? हात काढा. जा आता. काही मागे ठेवू नका."

दोऱ्या सैल पडल्या. मग तिने ओढल्या, मी धोटा फेकला.

पाकळी अख्खी आली.

कापड उतरलं त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता. सुरुवातीच्या ओळींतल्या खोचा मी स्वतः चाचपल्या होत्या. उस्तादांनी अंगणातल्या उन्हात कापड उलटून पसरलं आणि वितीवितीने पाहिलं.

एकही खोच नव्हती.

"नवऱ्यापेक्षा तूच बरी की गं," उस्ताद म्हणाले. "माची तुझी."

ती हसली, रडली. मी तिला घरी सोडायला गेलो. वाटेत मुलींसाठी खजूर घेतले. मुली खजुरांवर तुटून पडल्या आणि माहबानूने पेटीतून तो रुमाल काढला.

"यांनाही सांगते, काम मिळालं म्हणून."

दारातल्या उजेडात तिने तो मांडीवर पसरला. सवयीने पाकळीवर अंगठा ठेवला.

अंगठा थांबला.

"भावजी, हा तोच ना?"

तोच होता. कडेला त्यांच्या लग्नातल्या डाळिंबाचा डाग होता.

तिने अंगठा पुढच्या फुलावर नेला. मग त्याच्या पुढच्या.

सगळ्या पाकळ्या अख्ख्या होत्या.