कडू थेंब आणि बाळाचे डोळे

थेंब पडला डोळ्यात आणि कडू झाली जीभ! आता बोला!

मी केतकी. सन २०५१. वेंगुर्ल्याच्या नेत्रदवाखान्यात टिपूस नावाच्या यंत्रमानवानं माझ्या चष्म्याच्या नंबरासाठी औषध घातलं होतं. पण खरा घोर होता माझ्या धाकट्या भावाचा. दोन महिने आधीच जन्मलेला, मूठभर जीव. अशा बाळांच्या दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतला पडदा) रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर दृष्टी जाऊ शकते. ते बघायला थेंब घालून डोळ्याची बाहुली मोठी करावी लागते. आई तापानं आजारी, म्हणून मावशी त्याला घेऊन आली होती.

"टिपूस, हे तोंडात कुठून आलं रे?"

"डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक छिद्र असतं. तिथून अश्रुनलिका (अश्रू वाहून नेणारी नळी) नाकात उतरते. म्हणून तर रडलं की नाक गळतं! औषधही त्याच वाटेनं घशात आणि रक्तात जातं. मी कोपरा दाबून ती वाट बंद करत होतो, पण गुदगुल्या होतात म्हणून तूच माझा हात झटकलास."

मी लगेच स्वतःच कोपरा दाबून धरला.

बाळाला टिपूसनं सौम्य औषधाचा इवलासा थेंब घातला, कोपरा दाबून धरला, ओघळलेलं औषध कापसानं टिपलं. बाळाच्या श्वासावर आणि ठोक्यांवर त्याचं लक्ष होतंच. बाहुली मात्र ढिम्म!

"टाका की अजून एक," मावशी वैतागली. "चारची उडती एसटी चुकेल."

"नको गं मावशी!" मी ओरडलेच. "अंग केवढंसं त्याचं! जास्तीचं रक्तात गेलं तर?"

"बरोबर आहे केतकीचं," बाळाला तपासायला आलेल्या डॉक्टर खानोलकर म्हणाल्या. "काळीज धडधडेल, श्वास अडखळेल. काळ्या डोळ्यांतलं रंगद्रव्य औषध धरून ठेवतं, म्हणून उशीर होतो. थांबूया."

मावशी पुन्हा खाली टेकली. हळूहळू बाहुली उघडली.

टिपूसनं कॅमेरा बाळाच्या डोळ्याशी नेला आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर, अगं बाई, केवढं ते केशरी आभाळ! त्यात वेलीच्या कोवळ्या तणाव्यांसारख्या रक्तवाहिन्या पसरत निघाल्या होत्या. एवढ्याशा डोळ्यात एवढं सगळं! माझ्या अंगावर काटा आला.

"छान वाढताहेत," डॉक्टर म्हणाल्या. "कडेपर्यंत अजून पोचल्या नाहीत, पण वाट बरोबर आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहू."

उजेड लागू नये म्हणून मावशीनं त्याच्या डोळ्यांवर पदर धरला. मग ती मला म्हणाली,

"केतके, आईला फोन लाव. सांग, बाळ बघायच्या तयारीला लागलंय."