उसनी चाल

पांढुर्ण्याला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. सौंसर सुटलं की माना पडतात, त्या पांढुर्ण्याच्या स्टँडवरच वर येतात. त्या गुरुवारी मात्र सुप्रिया टक्क जागी होती. मांडीवर लॅपटॉप, डोळ्यांखाली काळं, आणि चेहरा असा की कंडक्टरनेही सुटे पैसे मागायची हिंमत केली नाही.

"आवाज गेला काय तुमचा?" शेजारच्याने विचारलं.

तिने मान वळवली. सडपातळ पोरगा, केसांत कापसाची लव अडकलेली. जिनिंगमध्ये कामाला असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"लॅपटॉपचा म्हणतो मी," तो घाईने म्हणाला. "चित्र तं मस्त हलून राहिलं, पण मुकं आहे."

"आवाज आहे. पण वापराले मनाई आहे."

एवढं बोलून तिने गप्प बसायचं ठरवलं होतं. पण थकलेल्या माणसाला कोणी विचारणारं भेटलं, की बांध फुटायला वेळ लागत नाही. लोधीखेड्याची सुप्रिया पांढुर्ण्याच्या एका सरकारी ऑफिसात कंत्राटी ऑपरेटर होती. शनिवार-रविवार सौंसरला ॲनिमेशनचा क्लास. पाच महिने जागून तिने अठराशे चित्रं काढली, तेव्हा कुठे दोन मिनिटांची फिल्म झाली. कापूस वेचता वेचता एक बाई बांधावर टेकते, तिचा डोळा लागतो, आणि ओटीतला कापूस हळूच उडून तिच्या डोक्याखाली उशी होतो. बस, एवढंच. खाली तिने सिनेमातली एक अंगाई लावली होती, आणि विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला फिल्म पाठवली होती. काल मेल आला. फिल्म चांगली आहे, पण संगीत दुसऱ्याच्या मालकीचं आहे. लेखी परवानगी आणा नाहीतर बदला, पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत.

"शेवटी नाव दिलं होतं मी गाण्याचं," ती म्हणाली. "आभारही मानले होते."

"वा! म्हंजे कोणाची गाय सोडून आणाची अन् वरून धन्यवाद म्हणाचं?"

सुप्रियाला हसू आलं. किती दिवसांनी आलं, ते तिचं तिलाच आठवेना.

"गाण्याच्या कंपनीले कालपासून तीन मेल केले. उत्तर नाई. निवडलेल्या दहा जणांले नागपुरात तीन महिने स्टुडिओत शिकवणार आहेत. माहा क्लास मार्चमध्ये संपते, मंग मी विद्यार्थीच नाई राहणार. हे गेलं का गेलं."

मग तो म्हणाला, "माह्याजवळ एक चाल आहे. माह्या बापाची. त्याच्यासाठी कोण्या कंपनीले विचारा नाई लागत."

त्याचं नाव अंकुश. रामाकोन्याचा. दिवसा जिनिंग, आणि कुठे कार्यक्रम असला की भीमगीतांच्या पार्टीत ऑर्गन. पार्टी त्याचे वडील सुखदेव यांनी उभी केली होती. ते जाऊन तीन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सीटवर त्याचा दुपट्टा टाकलेला होता. आमच्याकडे खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरतात. पण ती कोणासाठी धरली, हे अख्ख्या बसला कळतं. सुप्रिया लाजली नाही, लाजायला अंगात त्राण हवं. ती नुसती बसली. बापाची चाल तो रात्री ऑर्गनवर वाजवून मोबाईलमध्ये घेऊन आला होता. त्याने इअरफोनचं एक टोक तिला दिलं, एक स्वतःच्या कानात घातलं. तिने फिल्म सुरू केली.

संथ चाल होती. बाई बांधावर टेकली तेव्हा सूर खाली आला, कापूस उडाला तेव्हा अलगद वर गेला. सुप्रियाने लॅपटॉप मिटला, डबा उघडला आणि अर्धी पोळी त्याच्या हातावर ठेवली.

"एवढी आवडली?" त्याने विचारलं.

"पोळी खा. थंडी होऊन राहिली."

रविवारी क्लासमध्ये विनायक सरांनी ती चाल लावलेली फिल्म पाहिली, मान डोलावली आणि मग भुवया वर केल्या. "अगं, ही तर जुन्या सिनेमातली चाल आहे. फक्त सावकाश वाजवलीय." त्यांनी मोबाईलवर मूळ गाणं लावलं. पहिल्या ओळीतच सुप्रियाला चाल ओळखू आली.

सोमवारी दुपट्टा होता, पण ती उभीच राहिली. "फसवलं तुम्ही मले."

"काय झालं?"

तिने मोबाईल पुढे केला. अंकुशने इअरफोन दोन्ही कानांत घातले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग इअरफोन काढून त्यांच्या वायरची नीट घडी करत बसला.

"बाबा गेले तवा पार्टीनं याच चालीवरचं त्याचं गाणं म्हटलं होतं," तो म्हणाला. "शब्द बापाचेच आहेत. बाकीच्या गाण्यांच्या चाली सिनेमातल्या, हे आम्हांले सगळ्यांले मालूम आहे. तसंच चालते आमच्यात. पण ही एक... ही मी त्याचीच समजत होतो."

सुप्रियाला फार वाईट वाटलं. स्पर्धेचं नव्हे, त्याच्या बापाची एक वस्तू आपण त्याच्या हातातून काढून घेतली याचं.

मंगळवारी दुपट्टा नव्हता. बुधवारीही नव्हता. दोन्ही दिवस ती उभी राहून गेली आणि प्रत्येक थांब्यावर दाराकडे बघत राहिली. ऑफिसात तिने एका म्हाताऱ्याच्या अर्जात गावाच्या जागी रामाकोना टाइप केलं, ते बिचारं मोहगावचं होतं.

गुरुवारी संध्याकाळी परतीच्या बसमध्ये तो दिसला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"सोताची चाल नाई जमली," ती बसायच्या आधीच तो म्हणाला. "दोन दिवस सुट्टी टाकून ऑर्गनवर बसलो, आज डबल पाळी करून आलो. जिथं बोट ठेवो तिथून कोणाचं तरी गाणं निघते. आठ वर्षं दुसऱ्याचंच वाजवलं नं. माहं काही आहेच नाई मधात."

"राहू द्या."

"राहू दे म्हण."

"राहू दे... अंकुश."

तो हसला, आणि पुढचं काही बोलायच्या आत झोपला. सौंसरच्या रस्त्याला खड्ड्यांची कमी नाही. तिसऱ्या खड्ड्याला त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. तिने ते तसंच राहू दिलं. दुसऱ्या हाताने लॅपटॉप उघडला. शेवटचं एकदा पाहावं, मग सोडून द्यावं...

पडद्यावर बाई बांधावर टेकली. कानाशी अंकुशचा श्वास वर गेला, खाली आला. बाईचे डोळे मिटले. श्वास लांबला. दमलेल्या माणसाचा, जड, खोल श्वास, आणि मागे बसची घरघर. सुप्रियाने मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. सौंसर येईपर्यंत ती हललीसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी तिने त्याच्यापुढे कागद ठेवला. "इथं सही कर."

"काय आहे?"

"परवानगी. तुह्या झोपेची. काल न विचारता घेतली, आता विचारून राहिली."

रात्रीतून तिने फिल्मखाली लावलेला आवाज त्याने ऐकला. फिल्म संपली तरी तो पडद्याकडे बघत होता.

"मी घोरतो?"

"थोडासा. तेवढं कापलं."

"हे तं माहंच आहे," तो हळूच म्हणाला. "कोण्या सिनेमातलं नाई." त्याने पेन घेतला, आणि कागदावर टेकवून तसाच थांबला. "निवडलं तं तू नागपूरले जाशीन."

"हाव. तीन महिने."

"अन् सही नाई केली तं इथंच राहशीन. याच बसमध्ये."

"हाव," ती म्हणाली. खोटं बोलायला तिच्यात जोर नव्हता आणि इच्छाही नव्हती.

बाहेर संत्र्याच्या बागा मागे पडत होत्या. अंकुशने खाली मान घालून सही केली, खाली तारीखही टाकली.

"मले तू आवडते," कागद परत देताना तो म्हणाला. "म्हणून केली. पाठवून दे लवकर, नाईतर मन बदलन माहं."

सुप्रियाने कागदाचा फोटो काढला, फिल्मसोबत मेलला जोडला आणि पाठवला. मेल गेल्याची खूण उमटेपर्यंत दोघंही मोबाईलकडे बघत होते. मग तिने लॅपटॉप बंद करून पायाशी ठेवला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मांडी रिकामी होती. तिने सरळ त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"मलेबी तू आवडतो," ती म्हणाली. "पांढुर्णा आलं का उठवजो."