रेंजला आडवा

ते मोबाईल जरा बाजूला ठेवा रे पोरांनो. हे माझ्या दोस्ताच्या, युनूसच्या पोरीच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि कौसर खोटं बोलणाऱ्यातली नाही.

ती मोबाईल कंपनीत तंत्रज्ञ. ११ डिसेंबर २०२४, बुधवारची रात्र. लोणावळ्याहून जवळच्या औंढे गावाला निघाली ती साध्याच कामाला. आरोग्य उपकेंद्राचं इंटरनेट रोज रात्री पावणेबाराला तुटत होतं, ते बघायचं होतं. या नव्या इंटरनेटच्या लहरी वेगवान, पण भारी नाजूक. माणूस नुसता आडवा आला तरी तुटतात. कंपनीच्या खांबापासून उपकेंद्रापर्यंतची त्यांची वाट अंबाजी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बांधावरून, डोक्याच्या उंचीनं जायची. आज पुन्हा तुटलं, तर कंपनी सकाळी यंत्र काढून नेणार होती. मग गाव परत रेंजविना.

"तितं माझा भाऊ उभा ऱ्हातो, पोरी," अंबाजी म्हणाले. "हौशीराम. ह्याच वक्ताला साप चावला तवा फोन वर धरून रेंज हुडकत व्हता, तितंच पडला. आता त्यो कुनालाच रेंज मिळू द्यायचा न्हाई."

"द्यावी लागेल, आबा."

कौसरला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. तिनं शेताच्या दुसऱ्या कडेनं लहरींची आणखी एक वाट जोडली. एक अडली की काम आपोआप दुसरीवर जाणार. मग मोबाईलवर दोन्ही वाटा बघत ती ओल्या वावराच्या मधोमध उभी राहिली.

पावणेबारा.

पहिली तुटली. बांधावर कुणी नव्हतं... दुसरी चालू.

मग दुसरी तुटली. पहिली चालू.

पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी. भरभर... कुणीतरी पळत होतं. वावरातून. तिच्या अगदी जवळून.

"पळा!" ती ओरडली. "किती पळायचं तेवढं पळा, काका! दोन्हीकडं एकदम नाही उभं राहता येणार तुम्हाला!"

उघडझाप थांबली...

दोन्ही वाटा चालू. म्हणजे तो पहिलीत नव्हता. दुसरीतही नव्हता. मग...

मानेला गार लागलं. ती वळली नाही.

"मी सकाळपर्यंत इथंच आहे," एवढंच म्हणाली. पाय हलले नाहीत.

उजाडलं. उपकेंद्राचं इंटरनेट रात्रभरात एकदाही तुटलं नव्हतं. यंत्र राहिलं, आजही आहे. अंबाजी चहा घेऊन आले आणि वावराच्या कडेलाच थबकले. चिखलात अनवाणी पावलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, शेकड्यांनी. शेवटची दोन कौसरच्या टाचांना लागून.

तिथून परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं.